आबांच्या भाषेत नदी मांडली, तर ती फसवणूक होईल का?

जळगाव जिल्ह्यातल्या गिरणाकाठच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून त्याचा सारांश आधी देते.

“पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून मी गावी परतले. सध्या तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. गावातल्या मित्रमैत्रिणींना घेऊन नदीसाठी एक गट केला. गावाचं सांडपाणी थेट गिरणेत जातं, कचऱ्याच्या ट्रॉल्या काठावर रिकाम्या होतात आणि रात्री वाळूचे ट्रॅक्टर चालतात. ग्रामसभेत आम्ही प्रोजेक्टर लावून हे सगळं मांडलं. हवामान बदल, जैवविविधता, नदीची परिसंस्था, सगळं आकडेवारीनिशी. माझे सख्खे चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणतो, गावातल्या दुसऱ्या पॅनलचे पुढारी. गावचा हरिनाम सप्ताह त्यांच्याच पुढाकाराने होतो. ते भर सभेत उठले आणि म्हणाले, ‘पोरी, तुले नदी आते दिसनी का? सण आला की यांना प्रदूषण दिसतं. हे सगळं बाहेरून शिकवून पाठवलेलं आहे.’ लोक हसले आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली.

नंतर अमेरिकेतल्या एका संशोधनाबद्दल वाचलं. समोरच्या माणसाच्या मूल्यांना धरून पर्यावरणाचा विषय काढला तर तो त्याच्यापर्यंत पोचतो, असं त्यात होतं. म्हणून आता नदी ही माय, तिचं पावित्र्य, देवकार्य, असं मांडावं असं मनात आहे. पण मी स्वतः देवधर्म मानत नाही. गटातली माझी जवळची मैत्रीण आंबेडकरी घरातली आहे. ती म्हणाली, ‘तू पावित्र्याची भाषा करणार असशील तर मी गटात नाही.’ जे मी मानत नाही ते बोलले तर ती फसवणूकच ना? आणि नाही बोलले तर नदी हातची जाईल. काय करू?”

ताई,

फसवणुकीच्या प्रश्नाकडे येतेच, पण त्याच्या बुडाशी एक गृहीतक आहे, ते आधी तपासू या. ग्रामसभेत मांडलं ते शास्त्र आणि आता मांडायचं मनात आहे ती भावना, अशी वाटणी तुम्ही केली आहे. ती मला पटत नाही. मेलेले मासे, भेगाळलेली जमीन, पुढच्या पिढ्यांना काय उत्तर देणार हा प्रश्न, हे अशा सादरीकरणांत हमखास असतं. त्यात आकडे असतात, पण आकड्यांमागे एक नैतिक हाकही असते: दुबळ्या जिवांची हानी होते आहे, दया करा, थांबवा. ही हाक तुम्हाला इतकी आपली वाटते, की ती हाक आहे हे जाणवतच नाही. आबांना ती परकी वाटली. त्यांचं वाक्य पुन्हा वाचा. नदीला काही झालेलं नाही असं ते म्हणाले नाहीत. तुला ती आता दिसली का, असं त्यांनी विचारलं. त्यात राग आहे, आणि मला वाटतं, नदीवरचा हक्कही आहे.

तुम्ही वाचलंत ते संशोधन बहुधा मॅथ्यू फाइनबर्ग आणि रॉब विलर यांचं, २०१३ सालचं. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतले लेख आणि जनजागृतीच्या चित्रफिती तपासून त्यांनी असं दाखवलं, की पर्यावरणावरचं बरंचसं बोलणं दया आणि हानी याच सुरात चालतं, आणि तो सूर तिथल्या उदारमतवाद्यांना जवळचा आहे. मग त्यांनी वाचकांच्या हाती वेगवेगळे मजकूर दिले. एकासोबत तोडलेलं जंगल, उजाड प्रवाळ, दुष्काळाने तडकलेली जमीन अशी चित्रं होती. दुसऱ्यात शहरावर साचलेला धूर, घाण पाणी पिणारा माणूस, कचऱ्याने भरलेलं रान. म्हणजे जे शुद्ध असायला हवं ते नासलं, ही भावना. हा दुसरा मजकूर वाचलेल्या परंपरावादी लोकांचा पर्यावरणाला पाठिंबा वाढला आणि दोन्ही बाजूंमधलं अंतर जवळजवळ उरलं नाही.

याच दोघांचं २०१५ सालचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यात लोकांना विरुद्ध विचाराच्या माणसाचं मन वळवेल असा मजकूर लिहायला सांगितलं होतं. विषय समलिंगी विवाहाचा होता. उदारमतवाद्यांपैकी जेमतेम ९ टक्के लोकांनी समोरच्याच्या मूल्यांना धरून लिहिलं. बहुतेकांनी स्वतःला जे पटतं तेच पुन्हा लिहिलं. दुसऱ्या विषयावर परंपरावाद्यांना लिहायला सांगितलं, तर त्यांचंही तेच. तेव्हा ग्रामसभेत तुमच्याकडून जे झालं ते बहुतेकांकडून होतं. आबांनी उद्या तरुणांना नदीबद्दल सांगायचं ठरवलं, तर तेही बहुधा धर्म आणि पूर्वजांवरच बोलतील आणि पोरं मोबाइलमध्ये डोकं घालतील.

पण हे संशोधन जसंच्या तसं गिरणाकाठी आणू नका. त्यात वाचल्या वाचल्या बदललेलं मत मोजलं होतं. वर्षभर टिकलेली वागणूक मोजलेली नव्हती. शिवाय तिथे दोन पक्ष आणि त्यांच्यामागे दोन मूल्यव्यवस्था, अशी रेघ बऱ्यापैकी सरळ आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. पॅनल उभी राहतात ती भाऊबंदकी, जात, सोसायटीची जुनी भांडणं आणि कोण कुणाच्या पडत्या काळात उभं राहिलं यावर. आबांच्या विरोधात मूल्यांचा वाटा किती, पॅनलचा किती आणि घरातल्या मानपानाचा किती, हे तुम्ही वेगळं करून पाहिलं आहे का? एक प्रश्न विचारते, राग मानू नका. प्रोजेक्टर लावण्याआधी घरी त्यांना सांगितलं होतं का? पुतणी सभेत उभी राहून गावाच्या नदीवर बोलते आणि चुलत्याला ते बाकीच्या गावाबरोबरच कळतं, हे आपल्या भागात साधं नाही. न सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पण त्यांचा आवाज चढला तो हवामान बदलावरून की यावरून, हे ठरवल्याशिवाय पुढची भाषा निवडता येणार नाही.

म्हणून पहिलं काम ऐकण्याचं. आबांकडे एकट्या जा. गट नको, वही नको, मोबाइलवर ध्वनिमुद्रण तर नकोच. त्यांच्या लहानपणी गिरणा कशी होती, एवढंच विचारा आणि मग मध्ये बोलू नका. पोहायला कुठल्या डोहात शिकले? नदीतल्या वाळूत डांगर-टरबुजांच्या वाड्या कुठपर्यंत असायच्या? उन्हाळ्यात प्यायचं पाणी कुठून आणायचे? त्या पिढीतलं कुणीही झिऱ्याबद्दल बोलल्याशिवाय राहणार नाही. कोरड्या दिसणाऱ्या पात्रात बायका हाताने वाळू उकरायच्या, कोपरभर खड्डा झाला की तळाशी पाणी जमायचं, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं आणि मग वाटीवाटीने हंडा भरायचा. ते पाणी गोड असायचं, कारण ते वाळूतून गाळून आलेलं असायचं.

आता याच झिऱ्यात तुमचं सगळं शास्त्र आहे. वाळूच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी साठतं. गिरणा धरणातून आवर्तन, म्हणजे ठरलेल्या पाळीचं पाणी, सुटलं की पात्रातली वाळू भिजते, ते पाणी हळूहळू काठाच्या जमिनीत झिरपतं आणि काठावरच्या विहिरींना महिनोन्महिने पुरतं. वाळू उचलून पात्र खोल केलं की उलटं होतं. पाणी वरून वाहून जातं आणि काठाच्या जमिनीतलं पाणीही नदीकडे ओढलं जातं. आवर्तन येऊन गेलं तरी विहीर चढत नाही, ही तक्रार आबांच्या स्वतःच्या मळ्यातही असू शकते. ‘परिसंस्था’ हा शब्द न उच्चारता हे सगळं त्यांच्याशी बोलता येतं, आणि त्यात खोटं काहीच नाही.

इथे फसवणुकीचा प्रश्न येतो. माझं मत स्पष्ट आहे. समोरच्याच्या मूल्यांना धरून बोलणं आणि त्याच्या श्रद्धेचं सोंग घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभेत तुम्ही हात जोडून ‘गिरणामाई माझी देवता आहे’ म्हणालात तर ते सोंग होईल. ते गावाला पहिल्या मिनिटाला कळेल आणि मग तुमच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. पण तुम्ही असं म्हणालात, “आबा, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आपल्या घरी पितरांची घागर भरतात. घागरीवर डांगर ठेवतात, सांजोऱ्या ठेवतात. ती घागर आता टँकरच्या पाण्याने भरायची वेळ आली, तर तुम्हाला ते चालेल का?” तर यात तुम्ही स्वतःच्या श्रद्धेबद्दल एक अक्षरही खोटं बोललेल्या नाहीत. त्यांना जे मोलाचं आहे त्याची आठवण दिलीत आणि उत्तर त्यांच्यावर सोपवलंत. खानदेशातल्या कानबाई देवीचंही तसंच. श्रावणात कानबाई बसते, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर जाते. ती जिथे उतरते त्या जागी गावाच्या गटाराचं तोंड असेल, तर ही गोष्ट काढायला आस्तिक असण्याची गरज नाही. त्या गावची लेक असणं पुरेसं आहे.

स्वतःपुरती एक कसोटी ठेवा. आबांसमोर जे बोलाल ते तुमची मैत्रीण शेजारी बसलेली असताना बोलता येईल का? आणि मैत्रिणीशी जे बोलता ते आबांनी ऐकलं तर चालेल का? दोन्हीकडे शब्द वेगळे असू शकतात. माहिती, मागणी आणि माणसांबद्दलचा आदर यांत मात्र फरक पडता कामा नये. एकाला सांगितलेलं दुसऱ्यापासून लपवावं लागलं, तर तिथे फसवणूक सुरू झाली असं समजा.

आता तुमच्या मैत्रिणीबद्दल. तिच्या म्हणण्याकडे हट्ट म्हणून पाहू नका. या पत्रातला सगळ्यात जाणता मुद्दा तिचा आहे, असं मला वाटतं. अमेरिकेतल्या प्रयोगात शुद्धतेची भाषा फळली, कारण तिथे तिचा अर्थ घाण पाणी आणि धूर एवढ्यापुरता राहिला. आपल्याकडे पाण्याच्या शुद्धतेला वेगळा इतिहास आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सोबतचे लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तेव्हा सवर्णांनी ते तळं बाटलं असं ठरवून गोमूत्र आणि शेण टाकून त्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. पाणी माणसाच्या स्पर्शाने अपवित्र होतं असं मानणारा समाज हाच होता, आणि त्याच्या खुणा अजून पाणवठ्यांवर आहेत. तुमच्या गावात नदीच्या वरच्या अंगाला कोण राहतं आणि खालच्या अंगाला कोण, हे मला माहीत नाही. पण तुम्ही सभेत ‘नदी अपवित्र झाली’ म्हणालात, तर पुढच्या मिनिटाला कुणीतरी उठून ‘कुणामुळे?’ विचारेल आणि बोट एखाद्या वस्तीकडे वळेल. खरं कारण साऱ्या गावाचं गटार असेल, पण बोट वळायला पुरावा लागत नाही. तुमची मैत्रीण हे ओळखून आहे, कारण ते बोट कुणाकडे वळतं याचा अनुभव तिच्या घराला आहे.

तेव्हा पावित्र्य, विटाळ, बाटणं, शुद्धीकरण हे शब्द पूर्ण बाजूला ठेवा. त्यांच्यावाचून काहीही अडत नाही. ‘पिण्याजोगं पाणी’ म्हणा, ‘घाण’ म्हणा, ‘गटार’ म्हणा. परंपरावादी माणसाजवळ पावित्र्याखेरीज दुसरीही मूल्यं असतात आणि ती फार मोठी आहेत. पूर्वजांनी राखून दिलेलं आपण मोडू नये. गावाचं काम गावाने करावं, सरकारच्या तोंडाकडे बघत बसू नये. वडीलधाऱ्यांनी घातलेली शिस्त पाळावी. गावाची इज्जत राखावी. मिळालेल्या जमिनीची आणि पाण्याची राखण करावी. यांतलं कुठलं मूल्य तुमच्या मैत्रिणीला अपमानाचं वाटेल? बहुधा कुठलंच नाही. ‘गाव’ म्हणताना सगळ्या वस्त्या मोजल्या जातील, एवढी अट ती घालेल, आणि ती अट घालायलाच हवी. पाणी सगळ्यांचं आहे, हे वाक्य तिच्यासाठी न्यायाचं आहे आणि वारकरी आबांना ते परकं वाटायचं कारण नाही. नदीच्या वाळवंटात सगळे सारखे, हे सप्ताहात ते दरवर्षी कीर्तनातून ऐकत असतील.

निसर्ग राखण्याचा मक्ता कुठल्या एका विचाराचा नाही, हे खानदेशाइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने उजाड झालेलं जंगल गावाच्या नियमांनी परत उभं केलं. त्या कामासाठी चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. ते वनवासी कल्याण आश्रमाशी जोडलेले कार्यकर्ते. आणि इकडे सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यात, १९७२ पासून शहाद्याच्या श्रमिक संघटनेने आदिवासींच्या जमिनीचा आणि मजुरीचा लढा दिला. पुढे धडगाव-अक्कलकुव्यातली गावं नर्मदा बचाव आंदोलनात उतरली. एकीकडची भाषा संस्कृती आणि गावाच्या शिस्तीची, दुसरीकडची हक्क आणि न्यायाची. ही माणसं निवडणुकीत एकमेकांना मत देणार नाहीत. तरी जंगल, जमीन आणि नदी हा दोघांच्याही जिव्हाळ्याचा विषय. आबांना बारीपाडा दाखवायला न्या, शक्य असेल तर गावातल्या चारपाच जाणत्या माणसांसह. तिथल्या माणसांनी त्यांच्या शब्दांत सांगितलेलं तुमच्या प्रोजेक्टरपेक्षा खोल जाईल. आणि तुम्ही स्वतः तिथे फक्त श्रोत्या म्हणून जा.

कारण कोण सांगतं यालाही मोल आहे, कधीकधी काय सांगितलं याच्याइतकंच. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९८५ च्या सुमारास रस्त्याकडेला कचरा टाकणं थांबवायचं होतं. कचरा टाकणारे बरेचसे तरुण गाडीवाले पुरुष होते, निसर्गप्रेमाच्या आर्जवांना दाद न देणारे. मग मोहिमेने टेक्सासच्या अभिमानालाच हात घातला. आमच्या टेक्सासच्या वाटेला जाऊ नका, असा दरडावणीचा सूर आणि सांगायला तिथलेच लाडके खेळाडू आणि गायक. ती मोहीम गाजली आणि टिकली. आपल्याकडेही हे नवं नाही. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्यात संताचं नाव होतं, गावागावांतली चुरस होती आणि स्वतःच्या हाताने गाव झाडण्याचा मान होता. २०२० साली राज्य सरकारने ‘माझी वसुंधरा’ अभियान आणलं, ते भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांच्या चौकटीत. त्या चौकटीत आबाही बसतात आणि तुम्हीही.

तरी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी, कारण असली पत्रं बऱ्याच गावांतून येतात आणि त्यांत ती राहून जाते. तुमच्या तीन मागण्या एका प्रकारच्या नाहीत. सांडपाणी आणि कचरा यांत गावाचं हित सरळ आहे. तिथे भाषा बदलली तर माणसं हलतील. वाळूचं तसं नाही. वाळूत पैसा आहे. रात्री ट्रॅक्टर चालवणाऱ्याला नदीची महती पटली नाही म्हणून तो वाळू काढत नाही. त्याला खेपेमागे रोख मिळतात, आणि त्याच्यावर ज्याचा हात आहे त्याला त्याहून पुष्कळ जास्त. तिथे मूल्यांचं आवाहन अपुरं पडतं. तिथे कायदा लागतो. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात लहान क्षेत्रातल्या वाळू-गौण खनिज उपशालाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. परवान्याशिवाय रात्री निघणारी वाळू सरळसरळ चोरी आहे. तिची तक्रार तहसीलदारांकडे लेखी, गटाच्या नावाने, ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल जोडून करा. कुणाही एकाने, विशेषतः तुम्ही, रात्री ट्रॅक्टर अडवायला जाऊ नका. हे मी फार गांभीर्याने सांगते आहे; या धंद्यात तलाठी आणि पोलिसांवरही हल्ले झालेले आहेत. आणि ट्रॅक्टरवरच्या पोराला खलनायक करू नका. तो बहुधा तुमच्याच गावातला, शेती न पुरणारा मुलगा असतो.

मग भाषेचा इथे काहीच उपयोग नाही का? आहे, पण वाळू काढणाऱ्यांसाठी नाही. बाकीचं गाव, जे सगळं पाहून गप्प बसतं, त्याच्यासाठी आहे. विहीर का चढत नाही हे काठावरच्या शेतकऱ्यांना झिऱ्याच्या हिशेबाने कळलं, तर ठरावाच्या वेळी हात वर होतील. आबांच्या पॅनलमध्येही विहीरवाले असतील.

सणांवरच्या टोमण्याला सभेत उत्तर देऊ नका. त्याला उत्तर वर्षभराच्या कामाने द्यायचं असतं. तुमचा गट गणपती-कानबाईच्या आधी जागा होतो आणि एरवी दिसत नाही, असं गावाला वाटत असेल तर आबांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. गटाराचं पाणी वर्षाचे सगळे दिवस नदीत जातं. विसर्जन काही दिवसांचं. सुरुवात गटारापासून करा. शोषखड्डे, गटाराच्या तोंडाशी सांडपाणी साचवून निवळू देणारं स्थिरीकरण तळं, कचऱ्याच्या ट्रॉलीला काठाऐवजी ठरलेली जागा. यात कुणाच्या देवाला हात लागत नाही आणि काम डोळ्यांना दिसतं. सणाचा विषय पुढे कधीतरी येईलच, पण तो आबांच्याच तोंडून आला तर फार चांगलं.

पुढच्या ग्रामसभेत हवामान बदलाची मांडणी गाळा असं मी म्हणत नाही. ती खरी आहे, आणि जळगावचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा केळीची बाग वाचवायला शेतकऱ्याला काय करावं लागतं हे सभेतल्या प्रत्येकाला माहीत आहे. फक्त तिथून सुरुवात करू नका. विहिरीपासून सुरू करा, नदीवर या, मग उन्हाळ्यावर. प्रोजेक्टर घरी ठेवा. पहिलं बोलणं गावातल्या एखाद्या सत्तरीच्या आजींना करू द्या, ज्यांनी झिऱ्यातून पाणी भरलं आहे. त्यांच्यानंतर तुमची मैत्रीण, मग तुम्ही. तुमचं बोलणं साधारण असं असू शकेल:

“आजींनी सांगितलं तो झिरा मी पाहिलेला नाही. माझ्या वयाच्या कुणीच पाहिलेला नाही. गिरणेवर बलून बंधारे व्हावेत ही मागणी आपण सगळे मिळून किती वर्षं करतोय, त्यात पॅनल पाहिलं नाही. बंधारे होतील तेव्हा होतील. पण बंधाऱ्यात आपण आपलंच गटार अडवणार का? जे आपल्या हातात आहे ते आपण करू. गावाचं गटार गावाने अडवायचं, वरच्या आळीचं आणि खालच्या आळीचं, दोन्ही. एवढाच ठराव आज मागते.”

यात देव नाही, देवाचा अनादरही नाही. पूर्वज आहेत, गावाची एकी आहे, स्वतःच्या हाताने काम करण्याचा मान आहे आणि सगळ्या आळ्या मोजल्या आहेत.

एवढं करूनही आबा विरोध करतील, हे शक्य आहे. पॅनलचं राजकारण भाषेने वितळत नाही. तसं झालं तरी त्यांच्या मागे बसलेली माणसं ऐकत असतात. आणि उलटही होऊ शकतं. ते ठरावाला पाठिंबा देतील आणि ‘देवकार्य म्हणून देतो’ असं सांगतील. श्रेयही त्यांच्या पॅनलला जाईल. त्या वेळी दुरुस्ती करायला उठू नका. तुमचं कारण जलशास्त्राचं, त्यांचं सप्ताहाचं, मैत्रिणीचं समतेचं. तीन कारणांनी एक गटार अडत असेल तर ते अडू द्या.

हेच पत्र आबांच्या वयाचे कुणी वाचत असतील तर त्यांनाही एक सांगायचं आहे. तरुण पोरी-पोरं नदीबद्दल परक्या शब्दांत बोलतात, कारण त्यांना ते शब्द वर्गात मिळाले. झिरा त्यांना कुणी दाखवलाच नाही. सभेत त्यांना हसण्याआधी एकदा नदीवर घेऊन जा आणि डोह कुठे होता ते दाखवा. आणि त्यांच्याशी बोलताना तुमच्या पुण्याईपेक्षा त्यांच्या हक्काची गोष्ट काढा. त्यांना ती लवकर समजते.

ताई, सभेला जाण्याआधी ठरावाचा मसुदा लिहून काढा. आधी मैत्रिणीला वाचायला द्या आणि तिने खोडलेला शब्द वाद न घालता काढून टाका. मग तोच कागद घेऊन आबांकडे जा आणि त्यांनाही खोडू द्या. फक्त त्यांनी काही घातलं तर ते पुन्हा मैत्रिणीला दाखवा. दोघांच्या हाताखालून गेल्यावर जी वाक्यं उरतील तेवढीच सभेत वाचा. सातआठ मुद्द्यांचे दोन उरले तरी त्यांवर सह्या घ्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) इतिवृत्ताची नक्कल मागून घ्या.